गोणीमागे चमचाभर पेरॉक्साइड : एक्स्ट्रूडरमध्ये पॉलिथिन कसं बदलतं

(व्याख्यानाचं संपादित शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे. शेवटी श्रोत्यांचे काही निवडक प्रश्न दिले आहेत.)



आजच्या विषयाचं नाव जरा लांबलचक आहे : रिअॅक्टिव्ह एक्स्ट्रूजनमध्ये पेरॉक्साइड वापरून पॉलिथिनमध्ये घडवून आणलेले बदल. नावाला घाबरू नका, यातली वस्तू तुमच्या ओळखीची आहे. दुधाची पिशवी, शेततळ्याचं अस्तर, जमिनीखालून जाणारी वीजकेबल, गरम पाण्याचा लवचीक पेक्स पाइप. या चारही ठिकाणी पॉलिथिन आहे. पण पहिल्या दोन वस्तू तापवल्या की पुन्हा वितळतात. उरलेल्या दोन कितीही तापवा, मऊ पडतील, शेवटी जळतील, पण वितळून वाहणार नाहीत. रसायन तेच, कार्बन आणि हायड्रोजन. मग फरक कशाचा? साखळ्यांमधल्या मोजक्या सांध्यांचा. हे सांधे घालायचा एक मार्ग म्हणजे पेरॉक्साइड.

आज मला मुख्यतः एकच गोष्ट तुमच्यापर्यंत पोचवायची आहे. पेरॉक्साइड पॉलिथिनला सुधारतं आणि पेरॉक्साइडच त्याला बिघडवतं, आणि दोन्हीमागची रासायनिक क्रिया एकच आहे. सुधारणा कुठे संपते आणि बिघाड कुठे सुरू होतो, ती रेषा २५ किलोच्या एका गोणीमागे साधारण १८ ग्रॅमवर येते. हा १८चा आकडा मी तुम्हाला नुसता सांगणार नाही, आपण तो इथेच फळ्यावर काढू.

पॉलिथिनचा जन्म

थोडा इतिहास आधी, कारण तो विषयाशी थेट जोडलेला आहे. मार्च १९३३. इंग्लंडमध्ये चेशायर परगण्यात विनिंग्टन इथे आयसीआय कंपनीची प्रयोगशाळा होती. रेजिनाल्ड गिब्सन आणि एरिक फॉसेट हे दोघे प्रचंड दाबाखाली इथिलीन वायू आणि बेंझाल्डिहाइड यांची क्रिया घडवू पाहत होते. हवी ती क्रिया झाली नाही, पण भांड्यात मेणासारखा थोडासा पांढरा पदार्थ सापडला. तेच पॉलिथिन. पुन्हा करायला गेले तर ते जमेना. कधी काहीच व्हायचं नाही, कधी इथिलीनचं स्फोटक विघटन व्हायचं.

कोडं सुटलं ते १९३५मध्ये, मायकेल पेरिन यांच्या प्रयोगांत. दाबाखालच्या भांड्याला गळती होती म्हणून त्यात वरून आणखी इथिलीन सोडलं, आणि त्या इथिलीनमध्ये ऑक्सिजनचा अगदी लहानसा अंश होता. तोच कळीचा ठरला. ऑक्सिजन इथिलीनबरोबर पेरॉक्साइडसारखी संयुगं तयार करतो, ती तापली की फुटतात, आणि त्यातून साखळी वाढायला सुरुवात होते. आजही एलडी पॉलिथिन बनवताना दीड ते तीन हजार वातावरणांच्या दाबाखाली क्रिया सुरू करायला ऑक्सिजन किंवा सेंद्रिय पेरॉक्साइडच वापरतात. म्हणजे बघा, पेरॉक्साइड हा पॉलिथिनच्या घरातला जुनाच माणूस आहे. आज आपण त्याला साखळी तयार झाल्यानंतर, दुसऱ्यांदा, घरात बोलावणार आहोत.

एलडी, एचडी आणि लिनियर

दाण्याच्या बाजारात तीन नावं चालतात : एलडी, एचडी आणि एलएलडी, ज्याला व्यापारी नुसतं लिनियर म्हणतात.

एलडीची साखळी झाडासारखी असते. तिला लांब फांद्या असतात, फांद्यांना फांद्या असतात. एचडीची साखळी जवळजवळ सरळ. ती १९५०च्या दशकात आली. अमेरिकेत फिलिप्स कंपनीत होगन आणि बँक्स यांनी १९५१मध्ये, तर जर्मनीत कार्ल झिग्लर यांनी १९५३मध्ये, कमी दाबावर काम करणारे उत्प्रेरक शोधले. एलएलडीची साखळी त्याच पद्धतीची, पण इथिलीनबरोबर थोडं ब्यूटीन, हेक्झीन किंवा ऑक्टीन घातलेलं असतं. त्यामुळे सरळ साखळीला आखूड आखूड काटे फुटतात. लांब फांद्या मात्र नसतात.

आता फिल्म बनवणाऱ्याची अडचण बघा. गोल डायमधून वितळलेलं पॉलिथिन वर येतं, आत हवा भरून त्याचा फुगा करतात, तो वर ओढला जातो आणि थंड होऊन पिशवीची नळी तयार होते. एलडीचा फुगा स्थिर उभा राहतो, कारण ओढ पडली की फांद्या एकमेकींत अडकतात आणि वितळलेला माल ताण सहन करतो. याला मेल्ट स्ट्रेंग्थ म्हणतात. लिनियरची पिशवी जास्त मजबूत, सहज फाटत नाही, भोक पडत नाही. पण वितळलेल्या अवस्थेत तिच्या साखळ्या सळसळत एकमेकींवरून निसटतात आणि फुगा डुलायला लागतो. शिवाय लिनियर डायमधून ढकलायला जड जातं.

म्हणून प्रश्न असा की लिनियरच्या साखळ्यांना, मूळ गुण न घालवता, थोड्याशा लांब फांद्या नंतर लावता येतील का? येतात. दोन साखळ्या मधेच कुठेतरी सांधल्या की एक दुसरीची फांदी झाली. हेच पेरॉक्साइडचं काम.

दुबळा बंध, आक्रमक तुकडे

पेरॉक्साइडच्या रेणूत दोन ऑक्सिजन अणू एकमेकांना धरून असतात. हा बंध फार दुबळा. तो तोडायला मोलमागे साधारण १५० किलोज्यूल ऊर्जा पुरते. कार्बन-कार्बन बंधाला सुमारे ३५० लागतात, कार्बन-हायड्रोजनला ४००च्या आसपास. म्हणून पॉलिथिन ज्या तापमानाला आरामात वितळलेलं असतं, त्या तापमानाला पेरॉक्साइड मधोमध फुटतं.

फुटल्यावर दोन तुकडे होतात आणि प्रत्येकाकडे एक एकटा इलेक्ट्रॉन उरतो. हे मुक्त मूलक. एकट्या इलेक्ट्रॉनला जोडी हवी असते. तो शेजारच्या पॉलिथिन साखळीवरचा एक हायड्रोजन अणू ओढून घेतो आणि स्वतः शांत होतो, पण आता साखळीवर एक रिकामी जागा तयार झाली. अशा दोन साखळ्यांच्या रिकाम्या जागा समोरासमोर आल्या की त्या एकमेकींना धरतात. कार्बन-कार्बनचा पक्का सांधा झाला. पेरॉक्साइडचे तुकडे या सांध्यात राहत नाहीत. त्यांनी फक्त हायड्रोजन पळवला आणि ते अल्कोहोल किंवा कीटोन होऊन बाजूला झाले.

साखळीच्या टोकाला दुहेरी बंध असेल, म्हणजे व्हिनिल गट असेल, तर गोष्ट आणखी सोपी होते, कारण मूलक तिथे चटकन जोडला जातो. फिलिप्स उत्प्रेरकाने बनवलेल्या एचडीच्या साखळीला एका टोकाला बहुधा असा व्हिनिल असतो. म्हणून तेवढ्याच पेरॉक्साइडला हे एचडी जास्त जोरात प्रतिसाद देतं. दोन कंपन्यांचे दाणे एकाच एमएफआयचे असूनही एकच कृती दोघांना लागू पडत नाही, त्याचं एक कारण हे.

इथे पॉलिप्रोपिलीनची, म्हणजे पीपीची, तुलना करायलाच हवी. पीपीच्या साखळीवर पेरॉक्साइड टाकलं तर साखळी सांधली न जाता तुटते. तिथे एकाआड एक कार्बनवर मिथिल गट असतो. मूलक त्या कार्बनवर बसतो आणि शेजारचा बंध तुटून तो सुटका करून घेतो. हे तुटणंही उपयोगी आहे. करोनाच्या काळात आपण जे मास्क लावत होतो, त्यांच्या मधल्या गाळणीच्या थराला अतिशय पातळ वाहणारं पीपी लागतं, आणि तसं पीपी मिळवण्याची एक नेहमीची रीत म्हणजे पेरॉक्साइडने साखळ्या आखूड करणं. एकच रसायन : पॉलिथिन घट्ट करतं, पीपी पातळ करतं. हे लक्षात ठेवा, शेवटी भंगाराच्या गोष्टीत ते लागणार आहे.

१८ ग्रॅम कुठून आले?

आता फळ्याकडे या. सांधे वाढत गेले की काय होतं? सुरुवातीला दोन साखळ्यांची एक जोडी, तीन साखळ्यांचा एक गट, असं चालतं. माल वितळतो, वाहतो, फक्त जास्त घट्ट वाहतो. मग एका क्षणी अचानक असा गट तयार होतो जो यंत्राच्या एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत सलग आहे. एकच महाकाय रेणू. तो कशात विरघळत नाही, तापवून वाहत नाही. याला जेल म्हणतात आणि त्या क्षणाला जेल बिंदू.

हा क्षण कधी येतो याचं गणित १९४०च्या दशकाच्या सुरुवातीला पॉल फ्लोरी आणि वॉल्टर स्टॉकमायर यांनी मांडलं. फ्लोरींना पुढे १९७४मध्ये नोबेल मिळालं. ते गणित तुम्हाला नकळत माहीत आहे. करोनाच्या काळात ‘आर’ आकडा ऐकला होता ना? एका रोग्यामुळे सरासरी एकापेक्षा कमी माणसांना लागण झाली तर साथ विझते, एकापेक्षा जास्त झाली तर पसरते. इथेही तेच. एका सांध्यावरून तुम्ही नव्या साखळीवर गेलात. तिथून पुढे जायला आणखी किती सांधे आहेत? सरासरी एकापेक्षा कमी असतील तर गट लवकर संपतो. एक झाला की गट संपतच नाही.

म्हणजे नियम असा : दर साखळीमागे सरासरी एक सांधलेली जागा, की जेल बिंदू आला. एका सांध्याला दोन साखळ्यांवरच्या दोन जागा लागतात, म्हणून दोन साखळ्यांमागे एक सांधा.

समजा आपल्या सगळ्या साखळ्यांचा रेणुभार १ लाख आहे. एका साखळीत साधारण ७ हजार कार्बन अणू. त्यातला एकच सांधला गेला की पुरे! ७ हजारांत एक. आता पेरॉक्साइड घेऊ. पॉलिथिनसाठी नेहमी वापरलं जाणारं एक आहे २,५-डायमिथिल-२,५-डाय(टर्ट-ब्यूटिलपेरॉक्सी)हेक्झेन. नाव विसरा, व्यापारी नावांत बहुधा ‘१०१’ हा आकडा असतो, आपणही १०१च म्हणू. त्याचा रेणुभार २९०. त्याच्या एका रेणूत दोन पेरॉक्साइड बंध आहेत. एका बंधातून दोन मूलक, दोन मूलकांतून एक सांधा. म्हणजे एका रेणूतून जास्तीत जास्त दोन सांधे.

दोन साखळ्यांना, म्हणजे २ लाख ग्रॅम पॉलिथिनला, एक मोल सांधे हवेत. त्यासाठी १०१चा अर्धा मोल, म्हणजे १४५ ग्रॅम. २०० किलोला १४५ ग्रॅम, तर २५ किलोच्या गोणीला १८ ग्रॅम. दशलक्ष भागांत सुमारे ७२५ भाग.

हा आदर्श हिशेब आहे. प्रत्यक्षात काही मूलक वाया जातात, काही अँटिऑक्सिडंट खातो, काही व्हिनिलमुळे जास्त काम करून जातात. शिवाय खऱ्या दाण्यात सगळ्या साखळ्या सारख्या नसतात आणि लांब साखळ्या आधी जेलमध्ये जातात. त्या गणितात सरासरीसुद्धा वजनाने काढतात, म्हणजे लांब साखळ्यांना जास्त मान देऊन. पण परिमाणाचा अंदाज पक्का आहे. म्हणून फिल्मसाठी लिनियरमध्ये फांद्या लावताना या रेषेच्या बरंच खाली राहतात. गोणीमागे दोन-पाच ग्रॅम, म्हणजे खरोखर चमचाभर.

एक्स्ट्रूडरमधलं एक-दीड मिनिट

आता खरी अडचण. २५ किलो दाण्यात ५ ग्रॅम रसायन समान पसरवायचं, आणि तेही फुटायच्या आत.

वितळलेलं पॉलिथिन पाण्याच्या लाखो पटींनी दाट असतं. साध्या रासायनिक भांड्यात ढवळणी घालून ते हलणार नाही. पातळ करायला झायलीनसारखा द्रावक घातला तर तो नंतर काढायचा खर्च आणि त्रास. म्हणून ट्विन-स्क्रू एक्स्ट्रूडर वापरतात. यातल्या एकाच दिशेने फिरणाऱ्या, एकमेकांत गुंतलेल्या दोन स्क्रूंच्या रचनेचं श्रेय मुख्यतः जर्मनीतल्या रुडॉल्फ एर्डमेंगर यांच्याकडे जातं. या यंत्रात माल वितळतो, मळला जातो, त्याची क्रिया होते, वाफा ओढून घेतल्या जातात आणि दुसऱ्या टोकाला दाणा बाहेर पडतो. यंत्र हेच रसायनशाळेतलं भांडं होतं, म्हणून ‘रिअॅक्टिव्ह’ एक्स्ट्रूजन. माल आत असतो जेमतेम अर्धा ते दोन मिनिटं.

आता पेरॉक्साइडचं घड्याळ बघा. अर्धायुष्य म्हणजे अर्धं पेरॉक्साइड फुटायला लागणारा वेळ. डायक्युमिल पेरॉक्साइडचं उदाहरण घेऊ. ११५ अंश सेल्सिअसला त्याचं अर्धायुष्य सुमारे १० तास. १३५ला सुमारे १ तास. १७५ला साधारण १ मिनिट. हाच हिशेब पुढे नेला तर २०५ला पाच-सहा सेकंद. दर १० अंशांनी वेग दोन-अडीच पट. १०१चं घड्याळ याच्या जवळपासचंच, किंचित सावकाश.

समजा ऑपरेटरने २०५ अंशांच्या वितळलेल्या मालात पेरॉक्साइडचा थेंब सोडला. मळायला दहा-पंधरा सेकंद लागणार, पण निम्मं पेरॉक्साइड पाच-सहा सेकंदांत फुटलं. जिथे थेंब पडला तिथे सरासरीच्या वीसपट रसायन. सरासरी गोणीमागे ५ ग्रॅम असली तरी त्या ठिकाणी १०० ग्रॅमचा हिशेब झाला, म्हणजे रेषेच्या कितीतरी पुढे. तिथे जेलचा कण तयार झाला. बाकीच्या मालाला मात्र काहीच मिळालं नाही. कागदावर कृती बरोबर, फिल्ममध्ये मात्र माशाच्या डोळ्यांसारखे ठिपके. कारखान्यात त्यांना फिश आयच म्हणतात. पातळ पिशवीत असा एक ठिपका म्हणजे भोक पडायची जागा.

उपाय रसायनात नाही, क्रमात आहे. आधी पसरवायचं, मग तापवायचं. लिनियर साधारण १२० ते १२५ अंशांना वितळतं. म्हणजे पहिल्या भागात माल जेमतेम वितळेल इतकंच तापमान ठेवायचं, तिथे पेरॉक्साइडला मिनिटांचा वेळ आहे. तिथेच मळणीचे भाग ठेवायचे. नंतरच्या भागात तापमान वाढवून क्रिया पूर्ण करायची. पेरॉक्साइड एकटं न टाकता खनिज तेलात पातळ करून पंपाने सोडायचं, किंवा मास्टरबॅचच्या रूपात द्यायचं. सच्छिद्र पावडर मिळाली तर थंड असतानाच तिच्यावर शिंपडून मुरू द्यायचं. आणि बॅरलवरचा आकडा म्हणजे मालाचं तापमान असं समजायचं नाही. दाट माल मळताना घर्षणाने स्वतःच तापतो, कधी बॅरलपेक्षा बराच जास्त.

दुसऱ्या टोकालाही काळजी आहे. पाच अर्धायुष्यं गेली तरी ३ टक्के पेरॉक्साइड शिल्लक राहतं, सात गेली की १ टक्क्याहून कमी. काही माल आतून लवकर निसटतो, म्हणून थोडा जास्तच वेळ धरावा लागतो. शिल्लक राहिलेलं पेरॉक्साइड गिऱ्हाइकाच्या मशीनमध्ये फुटतं आणि तिथे माल घट्ट होत जातो. बाहेर पडण्याआधी व्हॅक्यूम लावून टर्ट-ब्यूटेनॉल, अॅसिटोन यांसारखी उपउत्पादनं काढून घेतात, नाहीतर दाण्याला वास राहतो.

एका हाताने देणं, दुसऱ्या हाताने काढून घेणं

दाणा कंपनीतून येतो तेव्हा त्यात अँटिऑक्सिडंट आधीच घातलेलं असतं. त्याचं कामच मुळी मूलक पकडून शांत करणं. म्हणजे आपण पेरॉक्साइडने मूलक सोडतो आणि अँटिऑक्सिडंट ते गिळतो. पहिल्या थोड्या पेरॉक्साइडचा काहीच परिणाम दिसत नाही, मग एकदम दिसायला लागतो. अधीर माणूस मधल्या टप्प्यात मात्रा वाढवत जातो आणि रेषा ओलांडतो. शिवाय क्रियेत अँटिऑक्सिडंट खर्च झालेला असतो, म्हणून शेवटच्या भागात तो नव्याने घालावा लागतो. नाहीतर आज सुधारलेला दाणा पुढच्या मशीनच्या उष्णतेत आणि नंतर उन्हात लवकर खराब होतो.

हवाही आत नको. ऑक्सिजन मूलकाला चटकन धरतो, त्यातून हायड्रोपेरॉक्साइड बनतात, ते पुन्हा फुटतात आणि सांध्यांऐवजी ऑक्सिडेशन सुरू होतं. म्हणून हॉपरवर नायट्रोजन सोडतात.

मोजायचं कसं? पहिली खूण एमएफआय, म्हणजे १९० अंशांना २.१६ किलो वजनाखाली दहा मिनिटांत किती ग्रॅम माल बाहेर पडतो. सांधे वाढले की तो कमी होतो. पण एकट्या एमएफआयवर विसंबू नका. जड वजनाखालचा, २१.६ किलोचा, एमएफआयही घ्या आणि दोघांचं गुणोत्तर बघा. लांब फांद्या आल्या की माल हळू ढकलताना घट्ट आणि जोरात ढकलताना पातळ वागतो, म्हणून गुणोत्तर वाढतं. जेल आहे का, हे बघायला नमुना उकळत्या झायलीनमध्ये तासन्‌तास ठेवतात. जे विरघळत नाही ते जेल. आणि सगळ्यात स्वस्त चाचणी म्हणजे पातळ फिल्म काढून उजेडासमोर धरणं.

रेषा मुद्दाम ओलांडायची असेल तर

काही वेळा जेलच हवा असतो. वीजकेबलच्या पॉलिथिनमध्ये डायक्युमिल पेरॉक्साइड साधारण २ टक्के घालतात. म्हणजे गोणीमागे ५०० ग्रॅम! इथे एक्स्ट्रूडरचं काम उलटं : त्याच्या आत क्रिया होऊच द्यायची नाही. माल १३० अंशांच्या आसपास राखून तारेवर चढवायचा आणि नंतर दाबाखालच्या लांब, तप्त नळीतून नेऊन सांधे घालायचे. आत चुकून क्रिया झाली तर स्क्रू अडकतो आणि सगळं यंत्र उघडून साफ करावं लागतं. साधं पॉलिथिन केबलमध्ये ७०-७५ अंशांपर्यंत चालतं, सांधे घातलेलं ९० अंशांना सतत चालतं आणि शॉर्टसर्किटच्या क्षणी २५० अंश सोसतं.

गरम पाण्याच्या पेक्स पाइपमध्येही तेच. पेरॉक्साइडने केलेल्या पाइपात किमान ७० टक्के जेल असावा लागतो, सायलेन पद्धतीत ६५ आणि इलेक्ट्रॉन किरणांनी केलेल्यात ६० टक्के.

सायलेनची युक्ती मात्र फार सुंदर आहे. इथे थोडंसं पेरॉक्साइड व्हिनिलसायलेनला साखळीवर चिकटवतं, सांधा घालत नाही. माल वाहता राहतो, त्याची केबल किंवा पाइप बनतो. मग गरम पाणी किंवा वाफ दिली की ओलाव्यामुळे सायलेनचे गट एकमेकांना जोडले जातात. एक्स्ट्रूडरमध्ये फक्त निमंत्रण, सांधा बाहेर आल्यावर. मॅलेइक अनहायड्राइड चिकटवण्याची रीतही अशीच आहे. मुळात पॉलिथिन कशालाच धड चिकटत नाही, पण हा गट लावला की ते नायलॉनला, धातूला, इपॉक्सीला धरतं. तेल-वायूच्या पोलादी पाइपांवरच्या तीन थरांच्या लेपात मधला गोंदाचा थर असाच असतो. तिथेही भीती तीच : साखळ्यांनी मॅलेइकऐवजी एकमेकींनाच धरलं तर जेल.

भंगाराचा प्रश्न

हे सगळं आपल्याला का कळायला हवं? कारण पॉलिथिनची सगळ्यात मोठी सोय म्हणजे ते पुन्हा वितळतं. आपल्याकडे भंगार वेचणाऱ्यांपासून रिप्रोसेस दाणा काढणाऱ्यांपर्यंत हजारो लोकांची रोजीरोटी त्या एका गुणावर उभी आहे. पेरॉक्साइड तो गुण टिकवूही शकतं आणि कायमचा काढूनही घेऊ शकतं.

टिकवू कसं शकतं? वापरलेल्या दाण्याची मेल्ट स्ट्रेंग्थ कमी पडत असेल तर मोजून-मापून दिलेली मात्रा तो सुधारते आणि खालच्या दर्जाच्या मालाला थोडी वरची जागा मिळते. पण भंगारात अडचणी तीन. एक, किती अँटिऑक्सिडंट शिल्लक आहे ते माहीत नसतं. दोन, त्यात गंज, रंग, माती असते, आणि लोखंडासारख्या धातूंचे क्षार पेरॉक्साइड वेळेआधी फोडतात. तीन, त्यात पीपी मिसळलेलं असतं. आणि मघाशी काय म्हटलं? पेरॉक्साइड पॉलिथिन घट्ट करतं आणि पीपी पातळ करतं. मिश्रणाचा एमएफआय कदाचित होता तिथेच राहील. माणूस म्हणेल, काही झालं नाही. आत मात्र दोन उलटी कामं झालेली असतात. म्हणून एकाच जातीचं, निवडलेलं, धुतलेलं भंगार असेल तरच या वाटेला जावं, आणि प्रत्येक लॉटची छोटी चाचणी घेऊनच.

प्रश्नोत्तरं

*प्रश्न : लिनियरमध्ये थोडं एलडी मिसळलं तरी फुगा स्थिर होतो. मग पेरॉक्साइडची कटकट कशाला?*

बरोबर आहे, आणि बहुतेक फिल्मवाले तेच करतात. एलडीच्या फांद्या तयार मिळतात. पण एलडीचं प्रमाण वाढलं की लिनियरची मजबुती थोडी कमी होते. ती कमी होऊ द्यायची नसेल, किंवा दाणा बनवणाऱ्यालाच एका मूळ दाण्यापासून वेगवेगळे ग्रेड काढायचे असतील, तर पेरॉक्साइड. एलडीने काम भागत असेल तर एलडीच घ्या.

*प्रश्न : माझ्याकडे छोटं सिंगल-स्क्रू मशीन आहे. हॉपरमध्येच पेरॉक्साइड टाकलं तर चालेल का?*

नको. सिंगल-स्क्रू माल ढकलतो, पण मळणी कमी करतो, त्यामुळे ठिपके येणार. आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे सुरक्षितता. सेंद्रिय पेरॉक्साइड साठवणीतही स्वतःच्या उष्णतेने पेटू शकतं. गरम हॉपर, लाकडाचा भुसा, गंज, अॅमिन किंवा आम्ल, यांच्याजवळ ते नकोच. डायक्युमिल पेरॉक्साइड ४० अंशांच्या आसपास वितळतं. विदर्भातल्या मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये काय होईल ते तुम्हीच बघा. डब्यावर लिहिलेलं साठवणीचं तापमान पाळायचं, आणि काढून उरलेलं पेरॉक्साइड परत त्याच डब्यात ओतायचं नाही. करायचंच असेल तर विरल मास्टरबॅच घ्या आणि पुरवठादाराच्या तांत्रिक माणसाला मशीनपाशी उभं करा.

*प्रश्न : सांधे घातलेली केबल भंगारात गेली की तिचं काय होतं?*

तांबं किंवा अॅल्युमिनियम काढून घेतात, त्याला भाव असतो. वरचं पॉलिथिन मात्र वितळत नाही. ते दळून दुसऱ्या मालात भर म्हणून घालतात, किंवा इंधन म्हणून जाळतात. सांधे पुन्हा सोडवायचे प्रयोग जगभर चालू आहेत, पण कार्बन-कार्बनचा सांधा नेमका तिथेच तोडणं सोपं नाही. उष्णतेला तो सांधा आणि साखळीतला बाकीचा बंध यांत फारसा फरक दिसत नाही. म्हणून केबलमध्ये जेल हवाच आहे, तिथे तो ३०-४० वर्षं काम करतो, त्याची किंमत वसूल होते. पण चार दिवस वापरायच्या पिशवीत निष्काळजीपणाने जेल झाला, तर आपण एक वितळणारी वस्तू फुकट गमावली. गोणीमागच्या त्या चमच्यावर लक्ष ठेवायचं ते त्यासाठी.